पाचर मारायचा गोटा

परत येऊन तीन आठवडे झाले, तरी माझ्या सायकलच्या कॅरिअरला अजून बोल्ट लावलेला नाही. दुकानदार दोनदा म्हणाला, मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे, ठेवून जा. मी नको म्हटलं. बोल्टाच्या जागी बांबूची एक पाचर ठोकलेली आहे आणि ती आपोआप निघेपर्यंत मला काढायची नाही. ती मी आधी कशानं ठोकली, हे सांगायलाच लिहायला बसले आहे. मेळघाटातला रस्ता, घळी, जंगल, खाणंपिणं सगळं येईल, कारण ते होतंच. पण मधेच माझी चूक आडवी येईल, त्याला इलाज नाही.

मी अकोल्यात वकिली करते. सव्वीस वर्षं जमिनीचेच दावे: धुरा, म्हणजे बांध, कोणी कोरला, वहिवाट कोणाची, कब्जा कोणाचा. सोबत होती सुनंदा, माझी कॉलेजातली मैत्रीण. मूर्तिजापूरजवळ तिची काळी जमीन आहे. नवरा गेल्यावर ती स्वतः करते, आणि माणसांकडंही कपाशीकडं पाहावं तसं पाहते, म्हणजे आधी कीड कुठं आहे ते शोधते. दोघीही पन्नाशीच्या पुढं. डॉक्टरांनी साखर सांगितली म्हणून मी सायकल घेतली, आणि मी एकटी कुठं पडून राहू नये म्हणून तिनं घेतली, असं ती चारचौघांत सांगते.

दुकानात या सायकलीला ग्रॅव्हल म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वळलेलं, टायर मात्र जाड, खडी-मुरमावर चालणारे. सुनंदानं पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, पांदणीनं जायाले इतके वर्षं साधी सायकल पुरली, आता तिले इंग्रजी नाव पायजे. पण घेतली.

परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह

अमरावतीत दही-चटणी ओतलेला गिला वडा खाल्ला, एक एक म्हणत तीन तीन, आणि डॉक्टरांचं नाव कोणी काढलं नाही. सायकली टेम्पोत टाकून परतवाड्याला उतरलो आणि तिथून पायडल मारायला लागलो.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. सागाची पानं वाळून रस्त्यावर पडलेली, एकेक पान जेवणाच्या ताटाएवढं, आणि चाकाखाली आलं की पापड मोडल्यासारखं वाजायचं. आमच्या मुलखात सपाटी इतकी, की चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. इथं चौथ्या किलोमीटरला माझी बडबड बंद पडली. या प्रवासातली ही पहिली चांगली गोष्ट, असं सुनंदा म्हणाली आणि पुढं निघून गेली.

चिखलदऱ्यात तिथलीच कॉफी प्यायलो, एका गवळ्याकडून पानावर खवा घेतला, आणि दुपारी सेमाडोहच्या बाजूनं उतरायला लागलो. उतारावर एका वळणाला रस्त्यावर रेती होती. सुनंदाचं मागचं चाक सरकलं आणि ती आडवी झाली. कोपर सोलून निघालं. जवळच्या घरातून एक बाई पाण्याचा गडवा घेऊन आली, मग हळद-तेल घेऊन आली, मग बसायला बाज काढली. पट्टी बांधून झाल्यावर तिनं विचारलं, कुठून आल्या? आमच्याकडं हा प्रश्न पाण्याच्या आधी येतो, आणि त्या एका प्रश्नात पुष्कळ काही विचारून घेतलेलं असतं. मला माझ्याच गावाची जरा लाज वाटली.

सेमाडोहला सिपना नदी खडकांतून वळत जाते. उन्हाळा लागायचा होता, तरी धार बारीक झाली होती आणि खडकांमधे हिरवे डोह राहिले होते. ज्यांच्याकडं उतरलो त्यांनी कुटकीचा भात वाढला, वर तुरीचं वरण आणि मिरचीचा ठेचा. कुटकी वरीसारखी दिसते, पण पोटाला जास्त आधार देते. कोरकू आदिवासींच्या गावाची रचना मी इथं पहिल्यांदा नीट पाहिली. सरळ एकच गल्ली, दोन्ही बाजूंनी घरांची ओळ, आणि सगळ्या पडव्या समोरासमोर. सकाळी दार उघडलं की समोरचा माणूस दिसणारच. आमच्या गावांत घरं एकमेकांना पाठ करून उभी असतात आणि वकिलांचं पोट त्यावर चालतं.

त्या संध्याकाळी मी वनखात्याचं पत्र पुन्हा वाचलं. दोन महिला, दोन सायकली, एक दिवस. एका नाक्यातून आत, दुसऱ्यातून बाहेर, दुपारी चारच्या आत. पत्र मी तीनदा तपासलं होतं. सुनंदा म्हणाली, पाठ झालं असन तं झोप आता.

घळीतला रस्ता

हा रस्ता पूर्वी लाकूड काढायला केलेला, जंगलातला कच्चा कूप-रस्ता. हरिसालच्या पुढं डांबरी सोडली, पहिल्या नाक्यावर नाव-वेळ लिहिली आणि आत शिरलो. ज्या नदीच्या घळीतून गेलो तिचं नाव आणि पुढं येणाऱ्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते वाचता वाचता कळेल.

अशी सकाळ मी आयुष्यात सायकलवर काढली नव्हती. डावीकडं काळ्या खडकाची भिंत, उजवीकडं खाली नदी, मधे एका बैलगाडीपुरती वाट. काही ठिकाणी दगडगोटे इतके, की उतरून सायकल ढकलावी लागली. काही ठिकाणी मऊ मुरूम, आणि चाक असं पळायचं की मी मोठ्यानं हसले. अस्वलानं वारुळं उकरलेली, गव्यांच्या खुरांचे ठसे चिखलात वाळून घट्ट झालेले, आणि डोहावर वाकलेली अर्जुनाची पांढरी झाडं. घंटी वाजवत राहा, असं नाक्यावरच्या माणसानं बजावलं होतं. सुनंदा घंटीच्या जोडीला कापूस वेचतानाची गाणी म्हणत होती. वाघ आला असता तरी ते ऐकून वळला असता.

बाराच्या सुमाराला घळीतून वर चढून एका सपाटीवर आलो आणि माझ्या मागं खडखडाट झाला. कॅरिअरचा एक बोल्ट तुटून पडला होता. सामानाची पिशवी चाकाला घासत होती. दुसरा बोल्ट आमच्याकडं नव्हता. पंक्चरचं सगळं होतं, चेनचं सगळं होतं, दोन रुपयांचा बोल्ट तेवढा नव्हता.

तेवढ्यात लक्षात आलं की आपण एका गावात उभ्या आहोत. घरं नव्हती. पण गुडघाभर उंचीचे मातीचे ओटे दोन ओळींत समोरासमोर होते, मधून सरळ गल्ली, गल्लीत गवत. मुनगा, म्हणजे शेवगा, होता, चिंच होती, आंबा होता. माणसांशिवाय ही झाडं अशी ओळीनं लागत नाहीत. व्याघ्रप्रकल्पासाठी उठवलेलं गाव होतं. लोक काही वर्षांपूर्वी खाली अकोटच्या बाजूला नेऊन वसवले होते, आणि योग असा, की त्याच नव्या गावात आमचा त्या रात्रीचा मुक्काम ठरला होता.

सुनंदा म्हणाली, बोल्ट नाई तं पाचर मारू. वखराले मारतो तशी. तिनं वाळका बांबू शोधला, चाकूनं तासून बोटाएवढी पाचर केली. ठोकायला काहीतरी बघ, म्हणाली. सपाटीच्या कडेला एक जुना मोह होता. त्याच्या बुंध्याशी पाल्यात काही गोटे होते. मी एक उचलला. हाताच्या मुठीत बरोबर बसणारा, एका अंगानं चपटा, काळा, आणि त्याच्यावरून तिरकी एक पांढरी रेघ गेलेली, खांद्यावरच्या जानव्यासारखी. छान आहे, असं मनाशी म्हटलंसुद्धा.

नदी तिथून पाव तास खाली. नदीत घासून गुळगुळीत झालेला गोटा वर सपाटीवर, झाडाच्या बुंध्याशी, आणखी सहा गोट्यांच्या शेजारी आला कसा, हा प्रश्न मी कोर्टात कुठल्याही साक्षीदाराला पहिल्या मिनिटात विचारला असता. स्वतःला विचारला नाही.

पाचर बसली, पण तीन-चार किलोमीटरला सैल व्हायची. म्हणून गोटा पिशवीत टाकून बरोबर घेतला. उतरायचं, गोटा काढायचा, ठोकायचं, परत पिशवीत. दुसऱ्या नाक्यापर्यंत सहा वेळा तरी ठोकलं असेल. चारला दहा कमी असताना बाहेर पडलो आणि वेळेत आलो म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

नवं गाव

नाक्यापासून नवं गाव सहा किलोमीटर. सातपुडा मागं राहतो आणि पुढं आमची ओळखीची काळी सपाटी सुरू होते. प्लॉट आखून दिलेले, पक्की घरं, नळ, शाळा, सगळं होतं. पण घरं आखणीप्रमाणं, एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं दुसऱ्याच्या भिंतीकडं. पडव्या समोरासमोर नव्हत्या.

आमचे यजमान सोमाजी. पूर्वी कापूस वेचणीला माणसं घेऊन सुनंदाच्या शेतात यायचे, तेव्हापासूनची ओळख. सत्तरीचे, छातीत दमा. गावाचे भुमका तेच, म्हणजे देवाचं करणारे. त्यांची बायको फुलकाय आजी हसतमुख, पण मराठी फार बोलत नाही. तिनं चहा ठेवला. सोमाजी बाजेवर बसले होते. मला एका जागी बसवत नाही, म्हणून मी सायकल उलटी केली, पिशवीतून गोटा काढला आणि पाचर ठोकायला हात उचलला.

"बाई," सोमाजी म्हणाले, "तो गोटा कुठचा?"

मी सहज सांगितलं, वरच्या उठलेल्या गावातला, मोहाखालचा. सांगतानाच माझा आवाज खाली आला. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी गोटा दिला. त्यांनी तो फिरवून पांढरी रेघ पाहिली आणि अंगठा तिच्यावरून एकदा फिरवला. फुलकाय आजी चुलीपासून उठून आली, पाहिलं, आणि पदर डोक्यावर घेतला.

तो मुठवा होता. गावाचा देव. सात गोट्यांतला मधला.

मी कौंडण्यपूरच्या एका पुरोहिताची मुलगी आहे. लग्नांत, वास्तूत, मूर्ती बसवताना वडिलांशेजारी बसून मोठी झाले. रस्ता रुंद करताना एक मारुती दोन हात मागं घ्यायचा होता, तर माझ्या वडिलांनी त्याच्यातलं देवपण आधी कलशात काढून घेतलं, दिवस दिवस पूजा केली, मगच पहारीला हात लावू दिला. हे सगळं मी मुलगी म्हणून कडेला बसून पाहिलं, नंतर थोतांड म्हणून सोडून दिलं आणि काळा कोट घातला. आणि आता मी कोणाच्या तरी देवानं सहा वेळा पाचर ठोकली होती. मी बाजेच्या पायाशी खाली बसले आणि काहीतरी बोलू लागले, चुकून झालं, शेंदूर नव्हता, माहीत नव्हतं. वकिली भाषा तोंडात येत होती आणि मलाच तिची चीड येत होती.

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. शेजारपाजारचे वीसेक लोक जमले. बोलणं कोरकूत चाललं, मधे मधे आमच्यासाठी मराठीत. अंगणवाडीत काम करणारी सविता नावाची तरुण बाई होती, ती म्हणाली की यात वाईट काय आहे, गावानं देवासाठी इथं नवा ओटा बांधून ठेवला आहे, तो इतकी वर्षं रिकामा आहे. गाव उठताना दाणे टाकून कौल घेतला तेव्हा देव यायला तयार नव्हता. आता आपल्या पायानं आला. सायकलवर बसून आला. ठेवून घ्या. पुष्कळ माना हलल्या. मलाही वाटलं, देवा, असंच होऊ दे. माझी चूक देवाची मर्जी होऊन जाईल.

सोमाजींनी सगळ्यांचं ऐकलं. मग माझ्याकडं वळून मराठीत बोलले, सावकाश, धाप घेत.

"बाई, होळीनंतर वर्षातून एक दिवस आमाले वरतं जाऊ देतात. काहून? तं देव तिथं हाय म्हून. मागल्या साली एका साहेबानं इचारलं, देव खाली काहून नाई नेत तुमी? म्या म्हटलं, तो येत नाई. आता तो इथं बसला, तं आमी गेटवर काय सांगाव?"

मी सव्वीस वर्षं अशिलांना हेच सांगत आले आहे, की कागद काहीही म्हणो, जागेवर कोण आहे ते आधी बघा. घरं गेली, शेतं गेली, सह्या झाल्या, पैसे मिळाले. जागेवर एकटा हा राहिला होता. त्याच्या जिवावर दीडशे माणसं वर्षातून एक दिवस आपल्या गल्लीत उभी राहत होती. तो कब्जा मी पिशवीत घालून खाली आणला होता.

मी म्हटलं, उद्या परत नेऊन ठेवते. नंतर सविता माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

प्रश्न राहिला रात्रीचा. घरात नेला तर घरचा होईल, ओट्यावर ठेवला तर गावचा होईल. सोमाजींनी तो परत माझ्या सायकलच्या पिशवीत ठेवला. अजून वाटेत हाय तो, म्हणाले. सायकल अंगणात कडुनिंबाला टेकवली. ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत जेवून आम्ही आडव्या झालो, तेव्हा फुलकाय आजीनं कुटकीच्या भाताची वाटी सायकलच्या चाकाशी ठेवलेली मी पाहिली. मला झोप लागली नाही. शेजारी सुनंदाही जागी होती, पण पहिल्यांदाच तिनं मला टोचून काही म्हटलं नाही.

परत वर

सकाळी सुनंदानं सोमाजींच्या कुऱ्हाडीच्या मागच्या अंगानं पाचर ठोकली. दोन ठोके. तेव्हा बसली ती अजून हललेली नाही.

नाक्यावर सोमाजी कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आमच्या आधी पोचले होते. तिथल्या वनरक्षकानं आमचं पत्र पाहून मान हलवली. पत्र कालचं होतं, आणि एकाच दिशेचं. मी कलमं तयार ठेवली होती, आवाजही चढवला होता. सुनंदानं माझं मनगट धरलं. सोमाजी पुढं झाले, पिशवीची चेन उघडली आणि वनरक्षकाला आत पाहू दिलं. तो चाळिशीचा, बुलढाण्याकडचा माणूस. त्यानं पाहिलं, टोपी काढली आणि वरच्या साहेबांना फोन लावायला रेंजच्या टेकाडावर गेला. तासाभरानं परवानगी घेऊन आला. कालच्याच दोन महिला, चारच्या आत परत, आणि तो स्वतः मोटरसायकलवर बरोबर.

मी म्हटलं, मग सोमाजींना तुमच्या मागं बसवा. तो खाली पाहून म्हणाला, गावच्या लोकांची परवानगी वेगळी असते ताई, ती माझ्या हातात नाही.

ज्या बाईला त्या गावाचं नावही नीट माहीत नव्हतं ती जाऊ शकत होती. ज्याचा जन्म तिथला, तो नाक्याच्या आडव्या बांबूपाशी उभा राहणार होता. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. सोमाजींना त्याचं काही नवल नव्हतं. ते मला समजावून सांगत होते, की चपटं अंग खाली, पांढरी रेघ वर, तोंड नदीकडं. झाडायचं नाही, पाला तसाच राहू द्यायचा. शेंदूर नाही, मंत्र नाही.

"अन् त्याले सांगजा," म्हणाले, "सोमा येऊन राहिला. होळी झाली का येतो म्हणा."

कालचा उतार आज चढ झाला होता. चोवीस किलोमीटर. रस्त्यावर ऊन उतरलं होतं आणि खडक तापायला लागले होते. काल जिथं चाक आपोआप पळत होतं, तिथं आज उतरून ढकलत होते. गाणी नव्हती, घंटी तेवढी वाजत होती. वनरक्षक पुढं जाऊन थांबायचा, आम्ही दिसलो की पुन्हा निघायचा. एका दगडाळ पट्ट्यात माझं चाक अडकलं, सायकल कलली, आणि मी स्वतः पडायचं पत्करून पिशवीखाली हात घातला. गुडघा फुटला. पिशवी जमिनीला लागली नाही. सुनंदानं गुडघ्यावर पाणी ओतलं आणि म्हणाली, बरं केलं.

एक वाजून गेल्यावर सपाटीवर पोचलो. ओटे, गवत, गल्ली, सगळं कालच्यासारखं होतं. काल मी तिथं पंधरा मिनिटं उभी राहून बोल्टाला शिव्या दिल्या होत्या. आज मी गल्लीच्या तोंडाशी बूट काढले. सुनंदानं काढले. वनरक्षक म्हणाला, काटे आहेत, आणि मग त्यानंही काढले.

मोहाखाली सहा गोटे होते. मधे मुठीएवढा खळगा, अजून ओलसर, त्यात दोन मुंगळे फिरत होते. मी थांबले ते बाहेर पडेपर्यंत. मग गोटा ठेवला. चपटं अंग खाली, रेघ वर. नदीकडं तोंड म्हणजे नेमकं किती वळवायचं, हे मला कळेना. पण खळगा त्याच्या मापाचा होता. जरासा फिरवला तसा तो आपल्या जागी बसला आणि हात काढला तरी हलला नाही.

वडिलांचे सगळे मंत्र मला येतात. एकही म्हटला नाही. सोमाजींनी सांगितलेलं तेवढं बोलायचं होतं आणि तेच तोंडातून निघेना. दुसऱ्याचा निरोप सांगायला मला सव्वीस वर्षांत कधी अडचण आली नाही, कोर्टात मी तेच करते. शेवटी सुनंदानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी मोठ्यानं म्हटलं, "सोमा येऊन राहिला. होळी झाली का येतो."

आणि मग, कोणी सांगितलं नव्हतं तरी, मी त्याची माफी मागितली. ती मात्र माझ्याच बोलीत, हळू आवाजात.

साडेतीनला आम्ही नाक्यावर परत आलो. सोमाजी तिथंच होते, सकाळपासून, बांबूपाशी, चौकीच्या सावलीत. त्यांनी एवढंच विचारलं, बसला का बरोबर? मी म्हटलं, बसला. मग थोड्या वेळानं विचारलं, डोहात पाणी किती हाय? मी माझ्या पोटरीवर हात ठेवून दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि मोटरसायकलवर बसून निघून गेले.

अकोला

घरी आल्यावर एक काम मी आपणहून मागून घेतलं. होळीनंतरच्या त्या एका दिवसाचा अर्ज दरवर्षी कोणाकडून तरी लिहून घेतात आणि तो कुठल्यातरी टेबलावर अडतो. या वर्षी मी लिहिते म्हटलं. नकाशा जोडला, मागच्या परवानग्यांच्या प्रती जोडल्या, एकशे बावन्न माणसांची नावं वयासकट जोडली. सोमाजींचं नाव पहिलं, आणि दम्यामुळं त्यांना गाडीनं नेऊ द्यावं अशी वेगळी विनंती.

अर्जात एक रकाना आहे, अर्जदाराचा सदर जागेशी असलेला संबंध. मी तिथं आधी पाच ओळींचं काहीतरी लिहिलं होतं. पिढीजात वास्तव्य, पारंपरिक श्रद्धास्थान, असं. मग वाटलं, ज्याचा अर्ज त्याला विचारावं. सविताच्या फोनवर सोमाजींना बोलावून घेतलं आणि रकाना वाचून दाखवला.

"लिहा वकीलबाई," ते म्हणाले, "आमचा म्हातारा तिथं एकटा रायते."

मी पाच ओळी खोडल्या आणि तेवढंच लिहिलं.